दोन अंश वजा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते अमरावतीच्या हायस्कुलात आम्हाला शास्त्र शिकवणाऱ्या सरांचे. नाव छापून आलेलं त्यांना आवडलं नसतं, म्हणून ते लिहीत नाही. बाळापूरजवळच्या मळ्यातल्या मुलाला त्यांनी बी.एस्सी.पर्यंत नेलं. त्याच माणसाचं मी मोठं नुकसान केलं, आणि ते कोणी केलं हे तीन वर्षं त्यांना कळू दिलं नाही. पुढे कळवलं, पण त्या तीन वर्षांचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

आमचं घर भाजीपाल्यावर चालायचं. वांगी, मिरची, उन्हाळ्याच्या तोंडावर कांदा. मी सातवी पास झालो तेव्हा घरात तेवढं शिकलेला दुसरा कोणी नव्हता. अमरावतीच्या एका वसतिगृहात जागा मिळाली. मला एसटीत बसवताना बाबा म्हणाले, "नापास झाला का मळ्यात ये. पास होत गेला तं राह्य तिकडेच." त्यांच्या बोलण्यात रागही नव्हता आणि आशाही नव्हती. पाऊस पडला तर पेरू, अशा सुरात ते बोलले.

वसतिगृहात जेवणाचे हाल होते. सरांना ते कळलं आणि त्यांनी आठवड्यातला गुरुवार मला त्यांच्या घरी लावून दिला. त्यांचं घराणं भिक्षुकीचं. पहिल्या गुरुवारी मी ओट्यावरच थांबलो. आत कुठवर जायचं ते मला माहीत नव्हतं. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, दारात आल्या आणि म्हणाल्या, "तिथं काहून उभा आहेस? पाटावर बस, वरण निवून राहिलं." पाट सरांच्या शेजारचाच होता. पुढे कॉलेजात गेल्यावर सगळं इंग्रजीत आलं आणि पहिल्या सहामाहीत मी पदार्थविज्ञानात आपटलो. तेव्हा सर रोज संध्याकाळी माझं पुस्तक हातात घ्यायचे, एकेक परिच्छेद वाचायचे आणि म्हणायचे, "आता हे तुझ्या बाबांना समजेल असं सांग." मला सांगता आलं नाही, तर परिच्छेद पुन्हा वाचायचे.

शाळेच्या मागच्या पटांगणात सरांची एक पेटी होती. पांढरा रंग दिलेली, चार पायांवर उभी, हवा खेळावी म्हणून चहूबाजूंनी फटींच्या झडपा असलेली. आत लाकडी पट्टीवर बसवलेला एक थर्मामीटर. एक जिनिंग फॅक्टरी बंद पडली, तिच्या सामानात तो सरांना मिळाला होता. रोज सकाळी सात वाजता आणि दुपारी अडीच वाजता सर पेटीचं दार उघडत, पारा पाहत आणि वहीत आकडा लिहीत. रविवारी, दिवाळीत, मे महिन्याच्या सुट्टीतही. पेटी त्यांनी मुद्दाम मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला बसवली होती. स्वतः उंच असल्यामुळे त्यांना वाचताना एक गुडघा जमिनीला टेकावा लागे. अडीचनंतरच्या तासाला ते वर्गात येत तेव्हा धोतरावर गुडघ्यापाशी मातीचा गोल असे. मागच्या बाकावरची मुलं त्याला "आजचा पारा" म्हणायची.

तो थर्मामीटर दोन अंश जास्त दाखवायचा. सर दर उन्हाळ्यात भुशातला बर्फ आणून, कुटून, त्यात तो बुडवून आम्हाला दाखवत. बर्फ वितळत असताना पारा बत्तिसावर यायला हवा. तो चौतिसावर थांबे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या चांगल्या थर्मामीटरशी ताडून पाहिला तेव्हाही, हवा गार असो की तापलेली, दोनच जास्त.

मी एकदा म्हणालो, "सर, मग दोन कमी करूनच लिहू."

"नाही. दिसलं ते लिहायचं. दुरुस्ती वेगळी ठेवायची."

म्हणून प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी एक ओळ लिहिली होती : या यंत्राच्या प्रत्येक आकड्यातून दोन अंश वजा करावेत. कोणते अंश, हे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. त्या काळी आमच्याकडे अंश म्हणजे फॅरनहाइटचेच.

मग मापं बदलायला लागली. आणे गेले, मैल गेले, आणि हवामानाच्या बातम्यांत सेंटिग्रेड आलं. भर मे महिन्यात एकशे बारा ऐकायची सवय असलेल्या लोकांना चव्वेचाळीस हा आकडा पोरकट वाटे. अकोल्याच्या स्टेशनजवळचा एक चहावाला म्हणायचा, "सरकारनं ऊन निम्म्याच्या खाली आणलं म्हणते. मंग घाम काहून तेवढाच येऊन राह्यला?"

तोपर्यंत मी पदवीधर होऊन अकोल्याच्या एका शाळेत मास्तर झालो होतो आणि जठारपेठेत एक खोली घेऊन राहत होतो. एप्रिलमध्ये सरांचं बोलावणं आलं. शेतीसंबंधीच्या एका सरकारी कार्यालयाला कपाशीच्या अभ्यासासाठी वऱ्हाडातल्या तापमानाच्या जुन्या नोंदी हव्या होत्या आणि त्यांनी सरांकडे विचारणा केली होती. फक्त आकडे सेंटिग्रेडमध्ये हवे होते. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. चौदा वह्या त्यांनी धुतलेल्या धोतरात बांधून माझ्या हातात दिल्या.

"एवढं करशील? दुसऱ्या कोणाच्या गणितावर माझा भरवसा नाही."

मे महिन्याच्या सुट्टीत मी मळ्यात गेलो नाही. खोलीत बसलो. आधी एक कोष्टक केलं. चाळीसपासून एकशे वीसपर्यंत प्रत्येक फॅरनहाइट अंशासमोर सेंटिग्रेडचा आकडा. बत्तीस वजा, पाचाने गुणा, नवाने भागा. सगळं कोष्टक दोनदा तपासलं. मग वहीतला आकडा पाहायचा, कोष्टकातून सेंटिग्रेड काढायचं, आणि पहिल्या पानावरची सूचना लक्षात ठेवून त्यातून दोन वजा करून लिहायचं. याप्रमाणे चौदा वह्या. मला तेव्हा त्यात काहीच खटकलं नाही. उलट सूचना एकदाही विसरलो नाही याचा अभिमान वाटत होता. टाकाने, रेघा आखून, एकही खाडाखोड न करता तक्ते केले. सरांनी ते डोळ्यांजवळ धरून पाहिले आणि दोन दिवस घरी येईल त्याला दाखवले.

दिवाळीनंतर कार्यालयाचं उत्तर आलं. नोंदी चिकाटीने ठेवलेल्या आहेत. परंतु इतर विश्वसनीय नोंदींशी ताडून पाहता त्या सर्व वर्षांत सुमारे एक अंशाने कमी भरतात. उपकरणात अथवा वाचण्याच्या पद्धतीत कायमचा दोष दिसतो. सबब त्यांचा उपयोग करता येत नाही.

सरांनी थर्मामीटर पुन्हा बर्फात घालून पाहिला. तो चौतीसच दाखवत होता. म्हणजे उपकरण होतं तसंच होतं. मग त्यांनी दोष स्वतःकडे घेतला. पट्टीवरचा थर्मामीटर वरून पाहिला तर आकडा कमी वाचला जातो. पेटी बुटकी, आपण उंच. आपण पुरेसे वाकलोच नसू. त्यांनी मला पत्रात हे सगळं आकृती काढून समजावलं. त्या आठवड्यात त्यांनी नोंदी बंद केल्या. पेटी पटांगणातून उचलली गेली आणि ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं ठेवायला गेली. मी ते पत्र वाचलं आणि मला सरांची कीव आली. हे लिहायची लाज वाटते, पण तसंच झालं. एवढा मोठा माणूस, आणि साधं वाकायला चुकला, असं मला वाटलं.

पुढच्या मार्चमध्ये बाबा कांदा घेऊन अकोल्याच्या बाजारात आले. शाळा सुटल्यावर मी त्यांना भेटायला आडत्याच्या दुकानी गेलो. पोत्याच्या आणि ओलाव्याच्या नावाने दर पोत्यामागे आडत्या थोडं वजन कापून घेतो, त्याला कडता म्हणतात. त्याच्यावरून वाद चालला होता. बाजारात नुकतीच किलोची वजनं आली होती.

"शेर होता तवा दोन शेर कापत होता," बाबा म्हणत होते. "आता किलो आला, तरी दोनच कापून राह्यला?"

"दोनचा रिवाज हाये, बुढेबा. तुमच्या बापाच्या पोत्यातूनबी दोनच कापले."

"रिवाज शेराचा व्हता. किलो शेरापेक्षा मोठा हाये. माप बदललं तं कडत्याचा आकडाबी बदलाले पायजे का नाही?"

आडत्या हमालांकडे पाहून हसला. "पोरगा मास्तर झाला तं बाप आमाले गणित शिकवून राह्यला."

"मास्तर उभाच हाये. त्यालेच इचारा," बाबा म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. बाबांनी कोपरानं ढोसलं. "बोल ना बे. जीभ मळ्यात ठेवून आला का?"

"बाबांचं बरोबर आहे," मी म्हणालो. आडत्याने मान उडवली आणि पुढचं पोतं काट्यावर घेतलं. बाबा मात्र खूश झाले होते. मला काय झालं ते त्यांना कळायचं कारण नव्हतं.

खोलीवर येऊन मी एकच आकडा घेतला, एकशे बारा. सरांच्या सूचनेचे दोन अंश फॅरनहाइटचे, म्हणजे आधी दोन वजा : एकशे दहा. त्याचे सेंटिग्रेड त्रेचाळीस पूर्णांक तीन दशांश. मी काय केलं होतं? एकशे बाराचे आधी चव्वेचाळीस पूर्णांक चार केले, आणि त्यातून दोन वजा केले : बेचाळीस पूर्णांक चार. फॅरनहाइटचा अंश लहान असतो. त्याचे दोन अंश सेंटिग्रेडच्या सव्वा अंशाइतकेही भरत नाहीत. मी लहान दोनच्या जागी मोठे दोन कापले होते. प्रत्येक आकडा नऊ दशांशाने कमी. कार्यालयाला दिसलेला "सुमारे एक अंश" हाच होता.

चूक सगळीकडे सारखीच होती. कार्यालयाला एका ओळीचं पत्र पुरेसं होतं : प्रत्येक आकड्यात नऊ दशांश मिळवावेत. ते पत्र मी त्या संध्याकाळी लिहायला घेतलं आणि पूर्ण केलं नाही.

कारणं तेव्हा मोठी वाटली. अकोल्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत जागा निघाली होती. माझ्या अर्जासोबत सरांचं शिफारसपत्र होतं आणि त्यात वाक्य होतं, "आकड्यांत याच्या हातून चूक होत नाही." मुलाखत होऊ दे, मग सांगू, असं मी ठरवलं. मुलाखत झाली, जागा मिळाली. मग वाटलं, नेमणूक कायम होऊ दे. त्या वाक्यावर मी नोकरी मिळवली, आणि ते वाक्य खोटं आहे हे मला एकट्याला माहीत होतं.

एकदा सांगायचं ठरवून गेलोही. दसऱ्याची सुट्टी होती. मळ्यातली वांगी घेऊन अमरावतीला गेलो. सर ओसरीवर बसले होते. मी म्हणालो, "सर, त्या नोंदींबद्दल बोलायचं होतं."

"ते सोड आता. तू मनाला लावून घेऊ नको," सर म्हणाले. "तुझं गणित इतकं चोख होतं म्हणून तर माझी चूक उघडी पडली. दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्याच्या चुकांत माझीही झाकून गेली असती."

आतून काकू म्हणाल्या, "रोज एकदा तरी हे बोलतातच. मी म्हणते, पारा चुकला तर कोणाचं लग्न मोडलं का? आता अडीच वाजता उठतात, दारापर्यंत जातात आणि परत येऊन बसतात."

"सवय आहे," सर म्हणाले.

मी सांगितलं नाही. वांग्याची भाजी झाली, पोटभर जेवलो आणि संध्याकाळच्या एसटीने परत आलो. बडनेऱ्यापर्यंत स्वतःला शिव्या देत होतो. अकोला आलं तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाची तयारी डोक्यात होती. माणूस अशा गोष्टीसह सहज जगू शकतो, हे मला त्या वर्षांत कळलं आणि ते मला आवडलं नाही.

असे तीन उन्हाळे गेले. मग सर निवृत्त व्हायची वेळ आली. शाळेने निरोपाचा समारंभ ठरवला आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या वतीने मी बोलावं असं कळवलं. पाठोपाठ सरांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर काकूंचं होतं. आता त्याच त्यांची पत्रं लिहीत आणि वाचूनही दाखवत. सरांनी लिहवलं होतं : "भाषणात माझ्या हवामानाच्या नोंदींचा उल्लेख करू नकोस. इतकी वर्षं मुलांना चुकीचं मोजायला शिकवलं, तेवढं झाकलेलं राहू दे."

ते कार्ड वाचल्यावर मी टाक घेतला. या वेळी पत्र पूर्ण केलं आणि टपालपेटीत टाकूनच परत आलो.

पुढे काय झालं ते आधी सांगतो, कारण पत्रानंतर मला काही लिहायचं नाही. चार ओळींचं उत्तर आलं. समारंभात हे बोलू नकोस, तुझ्या नोकरीवर गदा येईल, असं सरांनी लिहिलं होतं. कार्यालयाने माझी दुरुस्ती मान्य केली आणि चौदा वर्षांच्या नोंदी स्वीकारल्या. त्यांच्या पत्रात शेवटी विनंती होती, की त्यापुढच्या तीन वर्षांच्या नोंदीही पाठवाव्यात. त्या नव्हत्या. सर मला एका शब्दानेही बोलले नाहीत. काकू मात्र पुष्कळ दिवस माझ्याशी कमी बोलत, आणि ते बरोबर होतं.

पत्राची नक्कल मी ठेवली होती. ती अशी :

अकोला

सर,

तुमचं कार्ड मिळालं. नोंदींचा उल्लेख करू नकोस असं तुम्ही लिहिलंत, पण मला ते पाळता येणार नाही. त्या नोंदींत तुमची काहीही चूक नाही. चूक माझी आहे.

तुमच्या वह्यांवर दोन अंश वजा करायला लिहिलं होतं. ते फॅरनहाइटचे होते. मी आकडे आधी सेंटिग्रेडमध्ये नेले आणि मग त्यांतून दोन वजा केले. तिथे एक पूर्णांक एक दशांशच वजा करायला हवा होता. त्यामुळे प्रत्येक आकडा नऊ दशांश कमी पडला. कार्यालयाने दाखवलेला फरक तो हाच. तुम्ही कोणत्याही एका दिवसाचा आकडा घेऊन काकूंकडून करवून पाहा. तुमचं वाचन अचूक होतं. पेटीची उंची बरोबर होती. तुम्ही वाकत नव्हता हे खरं नाही. तुम्ही गुडघा टेकत होता, आम्ही सगळ्यांनी ते रोज पाहिलं आहे.

हे मला आज समजलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये समजलं. तेव्हा माझी मुलाखत व्हायची होती. तुमच्या शिफारसपत्रावर मला जागा मिळाली आणि मी गप्प राहिलो. दसऱ्याला सांगायला आलो होतो आणि जेवून परत गेलो. तुम्ही माझं कौतुक केलंत तेव्हाही मी गप्प होतो. याला मी कोणतंही कारण देत नाही.

कार्यालयाला आज वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात चूक माझी आहे असं माझ्या नावाने लिहिलं आहे आणि दुरुस्त केलेले तक्ते सोबत जोडले आहेत. तुम्ही परवानगी दिलीत तर समारंभातही हे सांगेन. मी तिथे येऊ नये असं तुम्हाला वाटत असेल तर तसं कळवा, मी येणार नाही.

नोंदी तुम्ही माझ्यामुळे थांबवल्या. गेले ते तीन उन्हाळे मला भरून देता येत नाहीत. मी पुष्कळ विचार केला, पण काही मार्ग सापडला नाही.

काकू, हे पत्र तुम्ही वाचून दाखवत असाल. सरांना त्रास होईल म्हणून मधलं काही गाळू नका. सगळं वाचा. मी नोकरीबद्दल लिहिलं आहे तेही.

तुमचा विद्यार्थी